एकरी सतरा पोती

आमच्या भागात उसाला खत किती टाकलं असं कुणालाही विचारा, उत्तर पोत्यांत येतं. आमचं ठरलेलं उत्तर होतं सतरा. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावून दीडेक वर्ष शेतात राहणाऱ्या, लावणीला एकरी युरियाची नऊ, डीएपीची दोन, १०:२६:२६ ची चार आणि पोटॅशची दोन. (असे आकडे म्हणजे त्या खतातल्या नत्र, स्फुरद, पालाशाचे टक्के; नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद फॉस्फरस, पालाश पोटॅशियम.) हा आकडा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बसवलेला. सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातली काळी जमीन, विहिरीचं पाणी आणि ही सतरा पोती, एवढ्यावर एकरी पन्नास-पंचावन्न टन ऊस निघायचा. शेजाऱ्यांचा कुणाचा साठ निघाला की पुढच्या साली आमच्या यादीत एखादं पोतं वाढायचं. कमी झालेलं मात्र मी कधी पाहिलं नाही.

२०२२ साली पोटॅशच्या पोत्याला सतराशे रुपये मोजले, तेव्हा मी वही काढून बसलो. हेच पोतं वर्षभरापूर्वी हजाराच्या आतबाहेर मिळत होतं. पोटॅश आपल्या देशात जवळपास सगळा बाहेरून येतो; जगात भाव भडकला की तो थेट आपल्या दुकानापर्यंत येऊन धडकतो. युरियाचं तसं नाही. ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैसे, वर्षानुवर्षं तेच. २०१० साली केंद्राने अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान सुरू केलं, त्यात स्फुरद-पालाशाच्या खतांचे दर कंपन्यांच्या हाती गेले आणि युरिया तेवढा सरकारी दरातच राहिला. शेतकरी युरियाचा हात सढळ का सोडतो, याचं उत्तर या एका गोष्टीत आहे. उपदेश करणारे आपल्यालाच अडाणी ठरवतात, पण दोनशे सहासष्ट रुपयांत शेत हिरवंगार दिसत असेल तर कुणीही पोतं फोडणारच.

वहीत मी पोती खोडून किलो लिहिले. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे एका पोत्यात २०.७ किलो. किलोला १२ रुपये ८७ पैसे पडतात. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. १,३५० रुपयांतून नत्राचे ११६ वजा केले तर स्फुरद किलोला साधारण ५४ रुपये. पोटॅशच्या पोत्यात ३० किलो पालाश, म्हणजे किलोला ५७ रुपयांच्या आसपास. नत्राच्या चौपटीहून जास्त महाग अशी ही दोन अन्नद्रव्यं, आणि घरात भांडण व्हायचं ते मात्र युरियाच्या पोत्यांवरून.

सतरा पोत्यांतून एकरी जात होतं नत्र २२४ किलो, स्फुरद ९८ आणि पालाश ११२. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आडसालीची शिफारस हेक्टरी ४००:१७०:१७०, म्हणजे एकरी १६०:६८:६८. जास्तीचं नत्र ६४ किलो, त्याची किंमत सव्वाआठशे रुपये. जास्तीचं स्फुरद ३० किलो, सोळाशे रुपये. जास्तीचा पालाश ४४ किलो, अडीच हजार रुपये. एकरी पाच हजारांच्या जवळपास जाणाऱ्या या पैशांत युरियाचा वाटा हजाराच्याही आत! आप्पांना दाखवलं. ते म्हणाले, "विद्यापीठाची शिफारस चाळीस टनाच्या उसाला असंल. आपल्याला साठ काढायचाय."

हा मुद्दा अगदीच सोडून देण्याजोगा नव्हता. शिफारस सगळ्या महाराष्ट्रासाठी असते. माझ्या जमिनीत आधीच काय शिल्लक आहे हे तिला माहीत नसतं. म्हणून माती तपासायची ठरवली.

तशी मृदा आरोग्य पत्रिका आमच्या घरात होती, देवघराच्या फडताळात, सात-बाराच्या उताऱ्यांसोबत. २०१५ च्या फेब्रुवारीत ही योजना सुरू झाली, त्यातल्या पहिल्या-दुसऱ्या फेरीतली. पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. योजना वाईट नाही, पण तिचा एक नियम वाचलात की ती पत्रिका किती मनावर घ्यायची हे कळतं. बागायती भागात अडीच हेक्टरांच्या एका चौकटीतून एक नमुना. म्हणजे सहा एकरांहून जास्त जमिनीचा एकच आकडा. आमचा तुकडा अडीच एकराचा, आणि तेवढ्यातही माती तीन प्रकारची. वरच्या अंगाला पाऊण एकर मुरमाड, मधे एकरभर खोल काळी, ओढ्याकडे पाऊण एकर चोपणीकडे, म्हणजे पाणी न मुरणाऱ्या घट्ट जमिनीकडे झुकलेली. या तिघींची सरासरी काढली तर ती तिघींपैकी कुणाचीच नसते. पत्रिकेवर पालाश "भरपूर" होता. तो नमुना आमच्या शेतातून घेतला होता की शेजारच्या, हेही सांगायला कुणी नव्हतं.

नमुने मीच घेतले. आधीचा खोडवा, म्हणजे तुटल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा आलेला ऊस, तुटून गेला होता, शेणखत अजून पसरायचं होतं. माती घ्यायची तर तीच वेळ. बांध, आंब्याचं झाड, पाटाची कड आणि शेणखताचा जुना ढीग जिथं असायचा ती जागा सोडली. तिन्ही तुकड्यांत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीत-सव्वा वीत खोल, व्ही आकाराचे खड्डे घेतले. खड्ड्यातली माती काढून टाकायची आणि मग त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची खाप काढायची, ती खरी नमुन्याची माती. गंजकं खुरपं वापरायचं नाही, कारण लोह-जस्ताचे आकडे बिघडतात. मी बांबूची चपटी कामटी केली होती. माती प्लास्टिकच्या घमेल्यात एकत्र करून, गोणपाटावर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेल्याचे पुन्हा चार, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरली आणि आत चिठ्ठी टाकली. आप्पा बांधावरून बघत होते. म्हणाले, "मातीची कुंडली मांडताय जणू."

साखर कारखान्याच्या माती प्रयोगशाळेतून अहवाल आला आणि कुंडल्या खरोखरच तीन निघाल्या. मधल्या काळ्या तुकड्यात सामू ८.२, सेंद्रिय कर्ब ०.५२ टक्के. उपलब्ध नत्र हेक्टरी १९६ किलो, म्हणजे कमी. स्फुरद ३१, म्हणजे जास्त. पालाश ४१२, म्हणजे अत्यंत जास्त. हेक्टरी ३०० च्या वर गेलं की महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळा असंच लिहितात. वर्षानुवर्षं ज्या १०:२६:२६ ला आणि पोटॅशला आम्ही पैसे मोजत होतो, तो माल तिथं साठून पडला होता. काळ्या जमिनीत पालाश मुळातच भरपूर असतो, त्यात आम्ही दरसाल भर घालत होतो. जस्त मात्र ०.४२ पीपीएम, हवं ०.६ च्या वर. लोह ३.१, हवं साडेचारच्या वर. दर उन्हाळ्यात कोवळ्या पानांवर पिवळ्या रेघा दिसायच्या, आम्ही युरिया टाकायचो, आठ दिवस रंग यायचा आणि पुन्हा तेच. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडून पानं पिवळी पडतात, तो केवडा होता. त्याला युरिया काय करणार?

वरच्या मुरमाड तुकड्याची गत उलटी. कर्ब ०.३१, स्फुरद ११, पालाश १३८. तिन्ही कमी. ज्या तुकड्याला पालाशाची खरी भूक होती त्याला आणि ज्याला ढेकर येत होता त्याला आम्ही एकच पंगत वाढत होतो. ओढ्याकडच्या तुकड्याचा सामू ८.६. तिथला प्रश्न खताचा कमी आणि निचऱ्याचा जास्त. कृष्णाकाठी पाण्याची चैन करून क्षारपड झालेल्या जमिनी आम्ही रोज येता-जाता बघतो; आमचा ओढ्याकडचा भाग त्याच वाटेला लागला होता. तिथं जिप्सम आणि चर, हे वेगळं काम आहे, त्याचा हिशेब इथं धरत नाही.

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी मधल्या तुकड्यासाठी सांगितलं: स्फुरद पाव भाग कमी, पालाश निम्मा. नत्र अहवालाप्रमाणे वाढवायला हवं, "पण ठिबकमधून देणार असाल तर एकशे साठवरच ठेवा, तुमचं वाया जाणारं वाचेल." हे मला पटलं, कारण आमचा युरिया कसा जायचा ते मी बघत आलो होतो. ओल्या सरीत पसरायचा. सामू आठाच्या वर असलेल्या जमिनीवर उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन हवेत जातो. टाकल्यावर एक-दोन दिवसांत सरीत नाकाला झोंबतो. उरलेला पाटपाण्यासोबत मुळांच्या खाली. टाकलेल्या नत्रातलं निम्म्याहून कमी पिकाच्या पोटात जात असावं.

मग मधल्या एकराची यादी अशी झाली: डीएपी दोन पोती, पोटॅश एक, युरिया सात, आणि शेणखतात मुरवून झिंक सल्फेट व फेरस सल्फेट. रुपयांत २,७०० अधिक १,७०० अधिक १,८६५ अधिक सूक्ष्म अन्नद्रव्यांचे हजार. सव्वासात हजार. जुन्या सतरा पोत्यांचे त्याच भावाने १४,३७८ होत होते, १०:२६:२६ चं पोतं १,४७० धरून. एकरी सात हजार एकशेची बचत, आणि त्यात युरियाच्या दोन पोत्यांचे फक्त ५३३ रुपये. बाकी सगळी बचत जमिनीत आधीच असलेला माल पुन्हा विकत न घेण्याची.

वरच्या मुरमाड तुकड्याचा हिशेब केला तर बचत एकरी सतराशेच्या आत आली. तिथं डीएपी साडेतीन पोती, पोटॅश तीन. नेमकं खत द्यायचं म्हणजे सगळीकडे कमी द्यायचं नव्हे, हे आप्पांना पटलं ते इथं; "बरं, निदान वरच्या अंगाला तरी खाऊ घालताय," एवढं म्हणाले.

खत घ्यायला तालुक्याला गेलो. दुकानदार ओळखीचे, नाव घेत नाही. "अण्णा, डीएपी आहे, पण सोबत दोन बाटल्या आणि एक बादली घ्यावी लागंल." याला आमच्याकडे लिंकिंग म्हणतात आणि ते बेकायदा आहे हे दुकानदारालाही ठाऊक असतं. त्यांचंही म्हणणं असतं की वरून आम्हाला तसंच येतं. बाटलीत काय आहे ते वाचून मला समजलं नाही. अशा बाटल्यांचे सात-आठशे रुपये कुठल्याही शिफारशीत आणि कुठल्याही नफ्या-तोट्याच्या तक्त्यात नसतात, पण खिशातून जातात. दुसऱ्या दुकानात आठवडाभर थांबून डीएपी बिनबाटलीचा मिळाला. थांबायला जमलं, कारण यादी लावणीच्या महिनाभर आधी तयार होती. सरी सोडून तयार झाल्यावर दुकानात धावणाऱ्याला थांबता येत नाही, आणि हे दुकानदाराला बरोबर कळतं.

त्याच दुकानात ठिबकवाल्यांसाठी विद्राव्य खतांचं वेळापत्रक छापून लावलेलं होतं: १९:१९:१९, मग १२:६१:००, मग ००:५२:३४, शेवटी ००:००:५०. खतं चांगली असतात, पाण्यात शंभर टक्के विरघळतात, द्राक्षवाल्यांना त्याशिवाय जमत नाही. पण त्यांचाही किलोचा हिशेब मांडा. १२:६१ ची पंचवीस किलोची पिशवी मला तेव्हा अडीच हजारांना सांगितली. तिच्यात स्फुरद सव्वापंधरा किलो, म्हणजे किलोला एकशे साठ रुपये. डीएपीतला तोच स्फुरद चोपन्नला. पालाशाचंही तसंच, तिपटीच्या घरात. टनाला तीन हजार मिळणाऱ्या उसाला हे परवडत नाही. द्राक्षाच्या किलोचा आणि उसाच्या किलोचा भाव बघा, मग वेळापत्रक बघा. मी ठरवलं, डीएपी आणि पोटॅश मातीतच, सरीत मुळाजवळ, निम्मं लावणीला आणि निम्मं मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाला माती चढवताना. ठिबकमधून फक्त युरिया. युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो, सगळ्यात स्वस्त आहे, आणि हप्त्याहप्त्याने देण्याची सगळ्यात जास्त गरजही त्यालाच.

ठिबक सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर अनुदानाचा अर्ज करून बसवलं. पाच फुटी सरी, सोळा मिलिमीटरची इनलाइन नळी, आणि मुद्दाम तीन वेगळे व्हॉल्व्ह, तीन मातींना तीन. बसवणारा पोरगा म्हणाला एकातच भागतंय, कशाला खर्च वाढवता. दोन जादा व्हॉल्व्हना लागलेले पैसे मला आजही सगळ्यात योग्य ठिकाणी गेलेले वाटतात. उपग्रह आणि संगणक लावून शेताचे भाग पाडणारे याला मोठं नाव देतील. माझ्याकडे ते काम तीन चाकांवर झालं. अनुदान कागदावर अल्पभूधारकाला ऐंशी टक्के, पण ते सरकारने ठरवलेल्या मापदंडाच्या खर्चावर असतं, तुमच्या बिलावर नाही. अडीच एकराचं बिल एक लाख पंचावन्न हजार झालं, ते आधी आम्ही भरलं, आणि खात्यावर नव्वद हजार आले. कधी आले ते विचारू नका.

लावण जुलैच्या मध्यावर केली, को ८६०३२ या जातीच्या उसाची. लगेच पहिली अडचण. पाऊस चालू असताना उसाला पाणी नको असतं, पण खत हवं असतं. पुस्तकातलं ठिबकाचं वेळापत्रक हे गृहीतच धरत नाही. उपाय साधा निघाला: पावसाच्या दोन सरींच्या मधल्या उघडिपीत वीस-पंचवीस मिनिटांपुरताच संच चालवायचा. आधी थोडं नुसतं पाणी, मग व्हेंच्युरीतून (पाण्याच्या दाबावर खताचं पाणी नळीत ओढणारं साधन) खत, शेवटी नळ्या धुण्यापुरतं पुन्हा नुसतं पाणी. हे शेवटचं धुणं चुकवलं तर नळीत खत राहतं, शेवाळ धरतं आणि ड्रिपर बंद पडायला लागतात.

युरिया विरघळवताना हात ड्रममध्ये घातलाय का कधी? पाणी एकदम गार पडतं, थंडीच्या दिवसांत तर बोटं बधिर होतात. त्यामुळे शेवटचे खडे लवकर विरघळत नाहीत, आणि ते तसेच ओतले की व्हेंच्युरीच्या जाळीवर बसतात. मी आदल्या संध्याकाळी ड्रम भरून ठेवायला लागलो. तीन फेज वीज तेव्हा आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री असायची. रात्रपाळीच्या आठवड्यात रात्री साडेबाराला बॅटरी घेऊन व्हेंच्युरीचा व्हॉल्व्ह फिरवायचा आणि पारदर्शक नळीतून खताचं पाणी ओढलं जातंय का ते बघायचं. कधी ओढायचंच नाही. मोटरचा दाब कमी पडला की व्हेंच्युरी रुसते. मग मुख्य व्हॉल्व्ह थोडा आवळायचा, फिल्टर धुवायचा, पुन्हा बघायचं. हप्त्याला एकरी दहा-बारा किलो युरिया, सुरुवातीला कमी, फुटवा आणि कांडी सुटताना जास्त, आणि सात महिन्यांनंतर बंद.

मधल्या एकराचे मी दोन भाग केले होते. वीस गुंठ्यांना नवी यादी, वीस गुंठ्यांना आप्पांची सतरा पोत्यांच्या हिशेबाची जुनी, हाताने टाकायची. पाणी मात्र दोन्हीला ठिबकचंच आणि सारखं, कारण फरक पडला तर तो पाण्याचा की खताचा असा वाद नको. आप्पांनी ही वाटणी आनंदाने मान्य केली. एप्रिलमध्ये त्यांचा ऊस काळाभोर होता आणि माझा नुसता हिरवा. जाणारा-येणारा थांबून सांगायचा, "त्या अंगाला खत कमी पडलंय." आप्पा काही बोलायचे नाहीत. ते न बोलणंच जास्त होतं. एका सकाळी युरियाचं पोतं बांधावर येऊन पडलेलं दिसलं. मी म्हटलं, "आप्पा, हे इकडं टाकलं तर दोन्ही वीस गुंठे तुमचे होतील, मग तुलना कशाची?" पोतं परत गोठ्यात गेलं.

पुढच्या पावसाळ्यात वाऱ्याने आप्पांचा ऊस लोळला. सगळा नाही, पण निम्म्याहून जास्त. जास्तीच्या नत्राने कांडी लांब आणि ठिसूळ होते, वजन वर जातं. लोळलेल्या उसाला जमिनीलगत मुळ्या फुटतात, उंदीर लागतात, आणि तोडणीच्या वेळी टोळी हात वर करते. माझ्याही भागातल्या दोन सऱ्या कलल्या, पण उभ्या राहिल्या.

तोड डिसेंबर २०२३ मध्ये आली. बैलगाड्यांची टोळी मिळाली हे नशीब, कारण ट्रॉलीत दोन्हीकडचा ऊस मिसळला असता. गाड्यांच्या खेपा वेगळ्या ठेवता आल्या. प्रत्येक गाडीमागे मी कारखान्याच्या काट्यावर गेलो आणि पावतीच्या मागे पेनाने 'न' किंवा 'जु' लिहिलं. गाडीवानांना मजा वाटत होती. जुन्याच्या वीस गुंठ्यांत २७.४ टन, नव्याच्या २९.६. एकरी धरलं तर ५४.८ आणि ५९.२. फरक ४.४ टन. कारखान्याची पहिली उचल टनाला ३,१०० धरून १३,६४० रुपये. शिवाय लोळलेल्या भागासाठी टोळीने जास्त खुशाली, म्हणजे वरचे पैसे, घेतली, ती मी या हिशेबात धरली नाही.

वीस गुंठे आणि एक हंगाम, यावर कुणी सिद्धांत मांडू नये. तो ऊस लोळला नसता तर फरक कदाचित दोन टनांवर आला असता. पण दोन टन धरले किंवा फरक शून्य धरला, तरी खतातले सात हजार जागच्या जागी राहतात. उत्पादन वाढलं नाही तरी चालेल, एवढंच मला हवं होतं. वाढेल या आशेवर केलेला खर्च आणि वाढो न वाढो वाचणारा पैसा, या दोन्हींना मी एकाच रकान्यात लिहीत नाही.

आता ठिबक. आमच्या खिशातले पासष्ट हजार, नळ्यांचं आयुष्य सात वर्षं धरलं तर एकरी वर्षाला ३,७००. आडसाली सतरा महिने शेतात राहते, म्हणजे एका पिकावर सव्वापाच हजार. खताच्या बचतीतूनच हे भागतं, वर थोडं उरतं, आणि चार वेळा खत टाकायच्या मजुरीतही बरीच कपात होते. अनुदान नसतं तर? तर तोच आकडा साडेबारा हजारांवर जातो आणि खताची बचत तोकडी पडते. मग वाढीव टनांवर अवलंबून राहावं लागतं. ठिबकचा फायदा सांगणारे या दोन परिस्थिती एकाच दमात सांगतात, त्या वेगळ्या आहेत. आणि वरच्या मुरमाड तुकड्यात, जिथं बचतच सतराशे, तिथं ठिबकचे पैसे उसाच्या वाढीतूनच निघायला हवेत. ऊस तिथं सुधारलेला डोळ्यांना दिसला, पण तुलनेला जुना पट्टा ठेवला नव्हता, म्हणून आकडा देत नाही.

माझा चुलतभाऊ शेजारीच. त्याच्याकडे ठिबक नाही, घालायची ऐपतही सध्या नाही. त्याने माती तपासली आणि खोडव्याला पहारीने खत दिलं. ही पद्धत पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राकडून आपल्याकडे आली आणि इतकी साधी आहे की तिला कुणी आधुनिक म्हणत नाही. ऊस तुटल्यावर पंधरा दिवसांच्या आत बुडख्यापासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर पहारीने वीतभर खोल भोक पाडायचं, त्यात खत सोडायचं आणि टाचेने बुजवायचं. फूटभर पुढे दुसरं भोक. उरलेली निम्मी मात्रा साधारण साडेचार महिन्यांनी, विरुद्ध बाजूला. पाचट तसंच आच्छादन म्हणून राहतं. एक गडी पुढे पहार मारत जातो, मागून बायका मापाने खत टाकतात; माप म्हणजे त्याने खोबरेल तेलाच्या डबीचं झाकण धरलं होतं. आधी दोन सरीभर खत मोजून बघितलं, भोकं मोजली, झाकण ठरलं. मजुरी दोन्ही वेळची मिळून एकरी अडीच हजारांच्या आसपास लागली, खत वाचलं पाचेक हजारांचं. युरिया जमिनीत गाडला गेल्याने वासही आला नाही. गुंतवणूक म्हणाल तर एक पहार, ती घरचीच. माती तपासणीनंतर खिसा बघून दुसरी पायरी कोणती असं कुणी मला विचारलं तर मी ठिबकच्या आधी पहार सांगेन.

सध्या बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शेतावर कृत्रिम बुद्धिमत्तेवर उसाचे प्रयोग चालले आहेत, उपग्रह, मातीतले संवेदक, हवामान केंद्र, मोबाइलवर रोजचा सल्ला. गावातली दोन-चार मंडळी बघून आली, भारावून आली. मलाही जायचंय. पण तिथं विचारायचं ते मी लिहून ठेवलंय: एकरी वर्गणी किती, आणि वाचणाऱ्या पैशात नत्र किती, स्फुरद-पालाश किती? संवेदकाने हप्त्याला दोन किलो युरिया वाचवला तर तो माझा फार तर एका चहाचा खर्च, बाराएक रुपये, वाचवेल. हवेचं, पाण्याचं भलं होईल ते वेगळं, त्याची किंमत बाजारात कुणी मला देत नाही. युरियाचा खरा भाव सरकार भरतंय तोपर्यंत नेमकेपणाचा फायदाही बराचसा सरकारच्या तिजोरीचा आहे.

यंदाच्या लावणीला डीएपी मिळालाच नाही. दुकानदार म्हणाले, २०:२०:०:१३ घेऊन जा, चांगलं चालतं. पोतं तेराशेचं, त्यात दहा किलो नत्र, दहा किलो स्फुरद आणि साडेसहा किलो गंधक. नत्राचे पैसे वजा केले तरी स्फुरद किलोला ११७ रुपये. या वेळी हे आप्पांनीच पावतीच्या मागे मांडलं, मी ती पोती उचलू नयेत म्हणून माझ्या आधी मांडलं. मग सिंगल सुपर फॉस्फेट बघितलं. ५५० रुपयांच्या पोत्यात आठ किलो स्फुरद, किलोला ६९. डीएपीपेक्षा महाग, पण गंधक त्यात फुकट आणि मिळतंय तरी. मधल्या एकराला सहा पोती आणली, शेणखतात कालवून सरीत घातली. डीएपीतून येणारं अठरा किलो नत्र गेलं, त्यासाठी युरियाचं एक पोतं वाढवलं. दोनशे साडेसहासष्ट रुपये.